वर चालत, खाली रोपवेनं

सकाळी बाल्कनीचं दार सरकवलं आणि धुराचा वास आत आला. जळक्या शेणाचा, पालापाचोळ्याचा, किंचित गोडसर. राब भाजायला लागले वाटतं! आमच्या सोसायटीच्या मागे भाताची दोन-तीनच खाचरं उरली आहेत, बाकी सगळीकडे सिमेंटचे खांब आणि हिरवे पत्रे. पण ती खाचरं ज्यांची आहेत, ते अजून रोपं टाकण्याआधी जमीन भाजून घेतात. गोवऱ्या, फांद्या, वाळका पाला अंथरायचा, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. ते पेटलं की इकडे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा जाळ पेटतो. कुणाचा दमा, कुणाचे धुतलेले पडदे, कुणाला थेट पोलिसांत जायचं असतं. मी गप्प बसते. मला तो वास आवडतो. तो आला की पाय शिवशिवतात आणि दार लावून घ्यावंसंही वाटतं. दोन्ही एकदमच होतं.

मी मूळची अकोल्याची. तेव्हा उन्हाळा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. इथे पारा जरा वर सरकला की लिफ्टमध्ये रुमाल हलायला लागतात, "काय मेलं उकडतंय!" अहो, उकडणं बघायचं तर आमच्याकडे या. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून मारून घरातल्या बायांचे हात दुखून येतात. त्या मानानं इथला, पुण्याजवळच्या भुकूमचा उन्हाळा म्हणजे लाडका उन्हाळा. संध्याकाळी डोंगराकडून वारा सुटतो, पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. बँकेच्या बदल्यांनी मला फिरवत फिरवत पुण्यात आणलं आणि निवृत्तीच्या वेळी मी इथे एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. "एकटीला पुरे," असं बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, माझा भाऊ म्हणाला, सामान उतरवणारे हमालसुद्धा म्हणाले. पुरे आहेच. उरतंच थोडं.

मला आठवतो तो उन्हाळा फार जुना नाही. निवृत्तीनंतर नव्या घरात नुकतं कुठे रुळत होते. हातात वेळच वेळ. नोकरीत असताना वाटायचं, एकदा सुटले की असं करीन, तसं करीन. सुटले, आणि कळलं की दिवस किती लांबरुंद असतो. सकाळचा चहा झाला, पेपर झाला, भाजी चिरून झाली, तरी घड्याळ आपलं तिथेच. फोन वाजला तर कर्ज हवंय का विचारणारा. मी त्या लोकांशीही जरा जास्तच बोलायची, हे आता सांगायला हरकत नाही.

अशाच एका संध्याकाळी शैलाचा फोन आला. शैला म्हणजे माझी अमरावतीच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, परीक्षेच्या दिवसांत एकाच टेबलफॅनवर भांडलो. कॉलेजची सहल चिखलदऱ्याला गेली होती तेव्हा दरीतून धुकं वर येताना बघून आम्ही दोघींनी ठरवलं होतं की एक दिवस हिमालयात जायचं, पायी फिरायचं, दोघींनीच. मग तिचं लग्न झालं, मुलं झाली. माझ्या बदल्या, माझ्या आईचं आजारपण. ती नागपूरकर झाली, मी पुणेकर झाले. फोन मात्र कधी थांबला नाही. तिच्याशी बोलायला लागले की माझी जीभ आपोआप वऱ्हाडात जाते. पुण्यात मला "नलिनीताई" म्हणतात, "मॅडम" म्हणतात. "नले" म्हणणारी जगात ती एकच उरली आहे.

"नले, आपण हिमालयात जाऊन राहिलो," ती म्हणाली. हॅलो नाही, काही नाही.

"कधी? आणि तुझे गुडघे?"

"एप्रिलच्या शेवटी. आणि गुडघे गेले म्हणून मी पलंगावर काहून बसून राहू? रोपवे आहेत ना बाप्पा! आता जिकडे तिकडे झाले. अवघड तेवढं रोपवेनं, सोपं तेवढं पायी."

मी हसले. पण ती गंभीर होती. तिनं यूट्यूबवर सगळं बघून ठेवलं होतं. देवदारातून वर जाणारे काचेचे डबे, वरची कुरणं, कुरणांच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटा. आम्ही दोघी अर्थातच धरून चाललो होतो की चढायचं रोपवेनं आणि उतरायचं पायी. कुणीही हेच धरेल. मग ती तिच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेली आणि तिथून तणतणत फोन केला. "उलटं आहे म्हणे सगळं! झिजलेल्या गुडघ्यांना चढ चालतो, उतार मारतो. हळूहळू वर चालत जा म्हणे, आणि येताना रोपवेनं या." आयुष्यभर आम्ही चढालाच घाबरत आलो होतो. उताराचा विचारच केला नव्हता.

तेव्हापासून आमचं ब्रीदवाक्य ठरलं. वर चालत, खाली रोपवेनं.

मग रोज संध्याकाळी बैठक. ती नागपूरला तिच्या गच्चीत, मी इथे बाल्कनीत. दोघींच्या मांडीवर एकच नकाशा उघडलेला. "ते बघ, नदीच्या पलीकडून वाट वर जाते," "अगं, ती वाट नाही, नाला आहे तो," "चष्मा पूस आधी." समोर डोंगराचा कडा काळा होत जायचा, खाली पौड रस्त्यावर ऑफिसातून परतणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे एकाला एक चिकटून उभे असायचे. माझ्या हातात कैरीचं पन्हं असायचं आणि तिच्याही, कारण आधी फोनवरच ठरायचं आज काय प्यायचं ते. खिडकीकडचा पलंग कुणाचा, यावर आमचं खरंखुरं भांडण झालं. ती घोरते म्हणून मी कानात घालायला कापूस घेणार, मी पहाटे उठून भांडी वाजवते म्हणून ती मला चहाची किटली देणारच नाही. विलासराव, म्हणजे तिचे मिस्टर, मागून ओरडायचे, "अगं, जाऊन या एकदाच्या!" रोपवेचं नुसतं नाव काढलं तरी ते डोळे मिटायचे, त्यामुळे ते बरोबर येण्याची धास्ती नव्हती.

मी सुखात होते. दुसरा शब्द नाही त्याला. हिमालय मला दिसेल म्हणून नव्हे. कुणीतरी एक बेत आखतंय आणि त्यात माझं नाव सुरुवातीपासून आहे, हे मला किती वर्षांनी मिळत होतं! लग्नाकार्यात मला बोलावतात, सहलीला विचारतात, नाही असं नाही. पण ते सगळं आधी ठरलेलं असतं. गाडीत एक जागा उरते, "नलिनीताईंना विचारा, त्या काय, मोकळ्याच आहेत." उरलेल्या जागेवर बसायची मला सवय आहे. शैलाच्या बेतात मात्र दोनच जागा होत्या, आणि त्यातली एक माझी होती.

तर चढायचा सराव करायला हवा. भुकूमच्या मागे टेकडी आहे. माथ्यावर वाघजाईचं ठाणं. देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक तांदळा, नुसता गोल दगड, त्यावर पत्र्याचं छप्पर, पुढे घंटा. वर जायला गुरांची वाट. मार्चमध्ये वणवा लागून गेलेला असतो, त्यामुळे गवताच्या जागी काळी राख, पायाखाली कुरकुरते, बुटांवर बसते. पांगाऱ्याला फुलं आलेली, बाकी सगळं उघडंबोडकं. उजाडायच्या सुमाराला मी निघायची. पाठीवर नवी कोरी सॅक, आणि सॅकमध्ये वजन हवं म्हणून तांदळाची पिशवी. डोंगरात सामान घेऊन चालायचंय, तर सरावही सामानानिशी हवा, हे शैलाचं म्हणणं. गावाच्या मधून जावं लागायचं. दारात सडा घालणाऱ्या बायका बघायच्या. मी बोलायची नाही, कारण माझा श्वास तिथेच संपलेला असायचा. वर पोचले की सावली फक्त त्या पत्र्याखाली. तिथे बसायची, बूट काढायची, कारण नवीन बूट चावत होते. डोळे मिटून दम खायची. मग उठून खेकड्यासारखी तिरकी तिरकी खाली उतरायची.

पुढे काय झालं असेल ते आता तुम्हीच बघा. बाई रोज पहाटे, न बोलता, पाठीवर तांदूळ घेऊन, देवीपर्यंत चढते. पायताण काढून डोळे मिटून बसते.

सोनाबाईंनी मला एक दिवस वाटेतच अडवलं. सोनाबाई म्हणजे ज्यांच्या भातखाचरांवर आमची सोसायटी उभी आहे त्या घरातल्या मोठ्या बाई. मागची उरलेली खाचरं त्यांचीच. आता रंगीत काचांचा बंगला आहे, दारात मोठी गाडी आहे, पण त्या आपल्या ओट्यावर पाय पसरून शेंगा निवडत बसलेल्या असतात.

"ताई, उभं ऱ्हावा जरा. कंचा नवस हाय?"

"अं?"

"रोज बघतोय आमी. लेकरू न्हाई, मालक न्हाई, मंग नवस कुणासाठी, आसं आमी बायका बोलत हुतो."

असं तोंडावर! पुण्यात हेच मनात असतं, पण तोंडावर "वा, छान फिटनेस!" म्हणतात. मी धापा टाकत होते. चढाचा सराव, रोपवे, हिमाचल, हे सगळं समजावून सांगायला एवढा श्वास कुठून आणू? तोंडातून निघालं ते एवढंच, "मैत्रीण... गुडघे..."

"आगं बया! मैतरणीच्या गुडघ्यासाठी?" सोनाबाईंचा हात शेंगांवरच थांबला. "लई जीव दिसतोय."

लई जीव आहे, हे खरंच होतं. म्हणून मी नाही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक छोटी बाटली माझ्या हातात ठेवली. तेल. वर कापसाची वात. "जन्म चिखलात गेला बघा, वाकून वाकून भात लावला. आता गुडघं उठू देत न्हाईत. चार वर्सं झाली, आईचं त्वांड बघितलं न्हाई. जातायच तर माझ्या नावानं दिवा लावा. म्हना, सोनी इसरली न्हाई."

मी लावला. कुणी बघत नव्हतं, तरी म्हटलंही, "सोनी विसरली नाही." त्याच्या पुढच्या दिवशी तिथे आणखी एक बाई उभी होती, मग आणखी. कुणी वात देई, कुणी हळदकुंकवाची पुडी, कुणी नारळ. नारळ सॅकमध्ये जाऊ लागले तशी मी तांदळाची पिशवी घरी ठेवू लागले, कारण वजन तेवढंच भरायचं. परतताना प्रत्येक दारात थांबून सांगावं लागे, लावला हो. मग चहा. मग "आमच्यात दोन घास खा." संध्याकाळी हे सगळं शैलाला सांगताना ती इतकी हसायची की फोन हातातून सुटायचा. "नले, तू तर माझ्या गुडघ्यांची देवी बसवून राहिली!" तिच्या गुडघ्यांना म्हणे तिकडे बराच आराम पडला होता. काही सांगता येत नाही बुवा.

आता त्या ठाण्याला गावात नावच पडलंय. परवा भूगावच्या बाजूला नव्यानं राहायला आलेली एक तरुण मुलगी, आयटीतली, मला भाजीवाल्यापाशी विचारत होती, "आंटी, इथे गुडघ्यांची देवी कुठेय? मम्मीला आणायचंय." मी तिला वाट दाखवली. आणि मम्मींना सांग, चढ सोपा आहे, उतार जपून, हेही सांगितलं.

एप्रिल अर्धा सरला. टेकडीवर करवंदं लालसर होऊ लागली, आणि खाली सोनाबाईंच्या घरच्यांनी राब पेटवले. धूर वाटेवर आडवा तरंगायचा आणि मी त्यातून वर चढायची, जवळजवळ न थांबता. पायांत ताकद आली होती. आरशात बघितलं तर माणूस जरा बरं दिसत होतं. विमानाची तिकिटं निघाली, मनालीच्या अलीकडे एका बाईंच्या घरात खोली ठरली, लोकरी मोजे आणले. शैलानं आमच्यासाठी एकसारख्या टोप्या घेतल्या होत्या, भगव्या, बर्फात हरवलो तर सापडायला. हरवायला बर्फच नव्हता त्या वाटेवर, पण तिला कोण सांगणार?

निघायच्या आठवड्यात फोन आला. नेहमीच्या वेळी नाही, भर दुपारी.

"नले, ऐक. अमेरिकेहून फोन होता. सुनबाईला डॉक्टरांनी आडवं केलंय. जूनची तारीख होती ना? आता म्हणतात, कधीही होऊ शकते. तिची आई आजारी, ती येऊ शकत नाही. मला... आम्हाला परवाच निघावं लागतंय."

तिच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या खाली आनंद होता. तो ती दाबत होती, माझ्यासाठी. तेच मला जास्त लागलं. मी म्हणाले, "अगं, जा ना! हे काय विचारणं झालं?" बाळंतपण. यावर कोण काय बोलणार? माझ्या आयुष्यात लोक मला सोडून गेले ते नेहमी अशाच कारणांनी गेले. कुणाचं लग्न, कुणाचं मूल, कुणाच्या सासूबाई. एकाही कारणावर बोट ठेवायला जागा नसते. भांडायला काही सापडलं असतं तर बरं झालं असतं.

"आपण पुढच्या वर्षी जाऊ," ती म्हणाली. "आणि तुला काय ग, तू मोकळी आहेस. तू तर कधीही जाऊ शकते."

फोन ठेवला आणि मी संतापले. तिच्यावर नाही, तिच्या सुनेवर तर नाहीच. त्या "मोकळी" शब्दावर. मोकळी म्हणजे काय? ज्या घरात राहायला कुणी आलेलं नाही त्या घरालाही लोक मोकळंच म्हणतात. मी पंख्याखाली आडवी झाले ती दोन-तीन दिवस उठलेच नाही म्हणा ना. खिचडी टाकायची, अर्धी खायची. बाल्कनीचं दार लावून घेतलं, धूर नको, वारा नको, समोरचा डोंगर तर मुळीच नको. संध्याकाळ झाली की हात फोनकडे जायचा. तिकडे ती विमानात असायची, नाहीतर दवाखान्यात.

मग एक दिवस गेटवरच्या वॉचमननं इंटरकॉम केला. "मॅडम, गाँव की औरतें आई हैं. आपको पूछ रही हैं." खाली गेले. सोनाबाई काठी टेकून उभ्या, बरोबर आणखी दोघी. त्यांच्या स्वतःच्या जमिनीवरच्या गेटपाशी त्यांनी वहीत नाव लिहून आत यायचं? म्हणून त्या बाहेरच थांबलेल्या.

"आजारी हायेस व्हय ग?" ताई गेलं होतं, अहो गेलं होतं. "नवस अर्ध्यात टाकत्यात का कुटं?"

माझं डोकं आधीच फिरलेलं. मी सांगून टाकलं. नवसबिवस काही नव्हता. मैत्रिणीबरोबर डोंगरात फिरायला जायचं होतं, वर चालत आणि खाली तारेवरच्या डब्यातून. त्याचा सराव चालला होता. आता ती येत नाही. संपलं.

दुसऱ्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सोनाबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. देवाची थट्टा केली म्हणणार.

"आन् आमचं दिवं?"

"लावले ना. रोज लावले. तुम्ही सांगितलं तसं म्हटलंही."

"मंग झालं की." त्यांनी पदराखालून बाटली काढली. "मैतरीन न्हाई आली तर न्हाई आली. पर आमचं आखितीपर्यंतचं बोललंय आईला. त्ये तेवढं पुरं करून दे, मंग तुझं तू कुटं जायाचं तितं जा."

सांत्वन वगैरे काही नाही! माझ्या दुःखाचं त्यांना काही पडलं नव्हतं, त्यांना त्यांचा दिवा पडला होता. मला राग यायला हवा होता. पण मी बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना टेकडी चढायला लागले. अर्ध्या वाटेवर एकदाची रडले. तिथे बरं असतं, कुणी विचारत नाही. वर वात लावली, नावं घेतली. त्या दिवशी शेवटी माझ्याही नावानं एक लावावी असं मनात आलं, पण मागायचं काय तेच सुचेना. शैला यावी, असं मागायचं म्हणजे तिच्या सुनेचं काय? मी तशीच उठले आणि तिरकी तिरकी खाली आले.

तिकीट पुढे ढकललं होतं; अक्षय्यतृतीया झाली आणि मी निघाले. लोक मला अजून विचारतात, कसली हिंमत केलीत हो! हिंमत कसली डोंबलाची? मी रागानं गेले. मोकळी आहे ना? मग ही बघा मोकळी. विमानात शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर मी माझी शाल ठेवली.

हिमाचल सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सफरचंदाच्या झाडांना पांढरी फुलं, नदीचा आवाज घरात चोवीस तास, हवा अशी की नाकाला गार लागते. पण एकटीनं बघितलेलं सुंदर दृश्य तुम्हाला सांगते काय करतं. "बघ!" म्हणून तोंड उघडतं आणि शेजारी कुणी नसतं. मग तोंड मिटायचं. दिवसातून कितीदा तरी. खोलीत दोन पलंग होते. खिडकीकडचा मी घेतला, भांडण न करता. घरमालकीण बाई चांगल्या, पण रोज सकाळी चहा आणताना विचारायच्या, "अकेले ही?" जणू रात्रीतून कुणी आलं असेल.

तरी मी चालले. आमच्या नकाशातली प्रत्येक वाट चालले, शैलानं "नाला आहे तो" म्हटलं होतं तीसुद्धा. नालाच होता. आणि शेवटच्या दिवशी ती मोठी वाट केली, जिच्यासाठी सगळा अट्टहास होता. देवदारातून वर, घोडेवाल्यांना चुकवत, डोक्यावरून रोपवेचे डबे सरकताना त्यांची सावली अंगावर घेत. दमले, पण थांबले नाही. वर कुरण, कुरणापलीकडे बर्फाचे डोंगर, इतके जवळ की हात लावावा. मी गवतावर बसले आणि मुठीत गवत धरून ठेवलं. का कोण जाणे.

परतायला रोपवे. उजाडताच निघाले होते, त्यामुळे अजून सकाळच होती, सगळी दुनिया वर येत होती. खाली जाणारी मी एकटी. दार उघडून देणाऱ्या माणसानं मागे पाहिलं, "आंटी, अकेले हो? दो मिनट रुको, कोई आ जाए तो..." आम्ही दोघं थांबलो. कुणी आलं नाही. त्यानं खांदे उडवले आणि मला बसवलं. कुटुंबच्या कुटुंब मावेल असा डबा, त्यात मी आणि माझी सॅक. दार लागलं आणि पायाखालची जमीन निघून गेली.

तेवढ्यात फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. शैला! डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, तिकडे रात्र. "नले, झाला ग! मुलगा! कालच घरी आणला. आणि तू कुठं आहेस? अगं बाई, डब्यात? आपल्या डब्यात? दाखव, दाखव मला, पूर्ण दाखव!"

मी घाईघाईनं फोन फिरवला. "हे बघ, हे देवदार. थांब, आता झाडं सरतील, मग बर्फ दिसेल..." आणि तिकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, नवं, बारीक रडणं. "थांब हं नले, आलेच," ती म्हणाली, आणि पडदा गरगरला आणि स्थिर झाला. तिनं फोन तिथेच कुठेतरी उताणा ठेवला होता. मला दिसत होतं फक्त एक पांढरं छत. लांबून तिचा आवाज यायचा, काहीतरी गुणगुणत होती, हॉस्टेलात मला ताप आला होता तेव्हा गुणगुणायची तशी.

मी "शैले?" म्हणून एकदा हाक मारली. छत हललं नाही.

फोन बंद करता आला असता. बोट तिथपर्यंत गेलंही होतं. समोरून भरलेले डबे वर येत होते, माणसं हात हलवत होती. झाडं सरली आणि डोंगर उघडा पडला, सगळाच्या सगळा, उन्हात. मी फोनची पाठ काचेला टेकवून धरली. "बर्फ दिसून राहिला बघ, शैले," मी म्हणाले. "उजवीकडे. आणि ती खाली रेघ दिसते ना, तीच आपली वाट. तिथून वर आलो असतो आपण. दम लागला असता तुला, पण मी थांबले असते. नदी बघ. ते पांढरं दिसतं ना, तो तुझा नाला."

मी सांगत राहिले, आमच्या भाषेत, मोठ्यानं. खाली पोचेपर्यंत मी तिच्या घरातल्या छताला सगळा हिमालय दाखवला.